पाठकोरा

आमच्या नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याच्या काउंटरला एक बॉलपेन दोऱ्याने बांधलेलं आहे. पाच रुपयांचं पेन, गिऱ्हाइकाने चुकून खिशाला लावून नेऊ नये म्हणून. त्याच काउंटरवर, पेनाच्या हातभर पलीकडे, निम्म्या डोंबिवलीची आधार कार्डं मोकळी पडलेली असतात. त्यांना दोरा नाही.

हल्ली तिथे कागद घेऊन जावं लागत नाही. भिंतीवर नंबर चिकटवलाय, त्यावर व्हॉट्सॲप करायचं. मग तो पोरगा मोठ्या स्क्रीनवर व्हॉट्सॲप उघडतो आणि रांगेतले आम्ही सगळे मिळून ज्याचं त्याचं कार्ड शोधतो. ‘हे का?’ ‘नाही रे, ते बी विंगमधल्या काकूंचं पॅन.’ ‘मग हे?’ ‘हा कुणाचा तरी रिपोर्ट आहे. बापरे, शुगर बघ!’ रांगेत हळहळ. शेजारधर्म अजून कुठे टिकून असेल तर तो इथे. डेस्कटॉपवर फाइली ओळीने मांडलेल्या : ‘आधार न्यू’, ‘आधार फायनल’, ‘आधार फायनल २’, ‘पप्पा मृत्यू दाखला’, ‘सॅलरी स्लिप एडिटेड’. शेवटचं नाव वाचून मला त्या पोराबद्दल नव्यानेच आदर वाटू लागला.

प्रिंट फिकी आली, तिरकी आली, तर तो कागद टाकून देत नाही. पाठकोरा कागद टाकणं आपल्या रक्तातच नाही. त्यांची एक चळत त्याने गल्ल्याशेजारी ठेवली आहे, हिशोबाला. परवा मी स्पायरल बायंडिंग करून घेतलं, त्याचा हिशोब त्याने अशाच एका कागदावर मांडला आणि बिल म्हणून माझ्या हातात दिला. घरी येऊन कागद उलटला तर मागे बदलापूरचे एक सद्गृहस्थ. चेहरा, पत्ता, जन्मतारीख आणि बारा आकडे. चेहरा घाबरलेला होता. आधारच्या फोटोत सगळ्यांचाच असतो, पण यांच्याकडे कारण होतं.

चातुर्मास चालू होता. कुणी वांगी सोडतं, कुणी कांदा-लसूण. मी झेरॉक्स सोडली. म्हणजे अगदी निर्जळी नव्हे; कुणी प्रत मागितली तर आधी ‘कशाला?’ असं विचारायचं, पटलं तरच द्यायची, दिली तर तिच्यावर आडवं ‘फक्त अमुक कामासाठी’ असं लिहून खाली तारीख घालायची. ऐकायला सोपं वाटतं. वांगी सोडणंही सोपंच वाटतं, वांग्याचं भरीत समोर येईपर्यंत.

आमच्या लहानपणी ओळख चोरीला जात नसे, कारण ती खुद्द मालकालाच सहजी मिळत नसे. रेशन कार्ड लोखंडी ट्रंकेत, आईच्या पैठणीखाली. ते काढायचं तर आधी वडिलांची परवानगी, मग किल्लीचा शोध. कुठे अर्ज करायचा म्हटलं की ‘ट्रू कॉपी’ लागे. ती काढून राजपत्रित अधिकाऱ्याच्या दारात उभं राहायचं, ते जेवायला गेले असतील तर ओट्यावर बसायचं, आणि आले की त्यांनी चष्म्यावरून आपल्याकडे असं बघायचं की आपण आपण आहोत याची आपल्यालाच शंका यावी. एवढा खटाटोप करून कोणता चोर दुसऱ्याची ओळख पळवणार? त्यापेक्षा त्याने सरळ नोकरी धरली असती.

आता स्वयंसाक्षांकित प्रत चालते. मी मीच आहे असं मीच लिहून द्यायचं आणि खाली मीच सही करायची. माझ्यासाठी ही मोठीच सोय झाली. अडचण एवढीच, की चोरालाही तेवढंच करायचं असतं.

देशातली पहिली आधार कार्डं २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात वाटली गेली, हे महाराष्ट्राचं भूषण. त्या कार्डाची पहिली झेरॉक्स कुणी, कशासाठी मागितली याचाही शोध इतिहाससंशोधकांनी घ्यावा. माझा अंदाज असा, की कार्ड वाटायला आलेल्यांपैकीच कुणीतरी मागितली असणार. फाइलीला लावायला.

तसं सरकारने आपल्याला सावध केलं नाही असं नाही. २७ मे २०२२, शुक्रवार. आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरूच्या कार्यालयाने पत्रक काढलं, की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, तिचा गैरवापर होऊ शकतो. द्यायचीच तर शेवटचे चारच आकडे दिसणारी ‘मास्क्ड’ प्रत द्या. परवाना नसलेल्या हॉटेलांना आणि सिनेमागृहांना तर अशा प्रती घेऊन ठेवायचा अधिकारच नाही. आयुष्यभर ज्याने प्रत्येक लॉजवर झेरॉक्स सोडली त्याने हे वाचून डोक्याला हात लावला. पण २९ तारखेला, रविवारी, ते पत्रक मागे घेण्यात आलं. लोक त्याचा चुकीचा अर्थ लावतील, म्हणून. लोकांनी आपली नेहमीची सावधगिरी बाळगावी, झालं. म्हणजे शुक्रवारी सांगितलं, रविवारी परत घेतलं. देशाने खरीखुरी काळजी घ्यायचा वार तेवढा शनिवार. मारुतीचा.

नेहमीची सावधगिरी म्हणजे काय, हे त्यांनी सांगितलं नाही. आमच्याकडे त्याचा अर्थ लॅमिनेशन असा आहे.

त्याआधी, २०१८ च्या जुलैत, दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायचे तेव्हाचे अध्यक्ष आर. एस. शर्मा यांनी आपला आधार क्रमांक ट्विटरवर टाकून, माझं काय वाकडं करायचं ते करून दाखवा, असं आव्हान दिलं होतं. लोकांनी त्यांचा फोन नंबर, पत्ता, जन्मतारीख असं काय काय हुडकून मांडलं, आणि कुणीतरी त्यांच्या खात्यात एक रुपया भरला. शर्मा म्हणाले, यात माझं काही बिघडलं नाही. लगेच आधार प्राधिकरणाने सामान्य लोकांना बजावलं, की असले प्रकार तुम्ही करू नका. सर्कशीत वाघाच्या तोंडात डोकं घालणारा बाहेर आला, की मॅनेजर माइकवरून सांगतो ना, तसं.

माझ्या व्रताचा पहिला मोठा विघ्नकर्ता ठरला भाचा. म्हणजे त्याचं लग्न. ताईने बायोडाटा पाठवला, ‘शुद्धलेखन तेवढं बघून दे’ म्हणाली. वर श्रीगणेश प्रसन्न. खाली पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मवेळ पहाटे चार वाजून बारा मिनिटे, जन्मगाव, रास, नक्षत्र, नाडी, रक्तगट, कंपनी, हुद्दा, पगार, कल्याणला स्वतःचा वन बीएचके, कर्ज चालू, कंसात बँकेचं नाव, दोन मोबाइल नंबर, आणि फोटो तीन, एक हसरा, एक गंभीर, एक गॉगलमध्ये. आजवर मी शुद्धलेखनाच्या चुका काढत आलो. या कागदात काढण्यासारखं बरंच होतं, पण शुद्धलेखन त्यात नव्हतं.

कारण तेव्हाच माझी नजर ‘आजोळ’ या रकान्यावर गेली. बँका पासवर्ड विसरलेल्याला एक गुप्त प्रश्न विचारतात, जो फक्त त्याला आणि देवालाच ठाऊक असावा असा : तुमच्या आईच्या माहेरचं आडनाव काय? ज्याला हा प्रश्न सुचला त्याने मराठी लग्न जमताना पाहिलेलं नसणार. आमच्याकडे आईच्या माहेरचं आडनाव गावासकट छापतात. ते चांगलं घराणं निघालं तर ठळक टाइपात. शिवाय भाच्याच्या बाबतीत मामा म्हणजे मी. त्याच्या बँकेचं ते परमगुप्त उत्तर माझ्या दारावरच्या पितळी पाटीवर कोरलेलं आहे आणि दर दिवाळीला मी ते चिंच लावून लख्ख घासतो.

‘ताई, यातलं निम्मं काढून टाक,’ मी म्हणालो.

‘का? तुझं नाव पण काढू?’

‘माझंच काढ आधी.’

पुढचे चार दिवस बोलणं बंद. पाचव्या दिवशी कळलं, की बायोडाटा अकरा वधू-वर ग्रुपांवर गेलासुद्धा, आणि एका मुलीच्या वडिलांनी मुलाचा सिबिल स्कोअर विचारलाय. यात नवल नाही. अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूरला नवऱ्या मुलाचा सिबिल स्कोअर बघून मुलीकडच्यांनी ठरलेलं लग्न मोडल्याची बातमी २०२५ च्या सुरुवातीला गाजली होती. आता पत्रिकेतल्या मंगळाला तोड तरी असते, स्कोअरला कुठली शांत करणार? आणि तो स्कोअर आपणच बिघडवलेला असतो असंही नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत अभिनेत्री सनी लिओनी हिने जाहीरच सांगितलं होतं, की आपल्या पॅनवर भलत्याच कुणीतरी दोन हजारांचं कर्ज काढून आपला स्कोअर घालवला. तिची ही गत, तर अकरा ग्रुपांवर गॉगल घालून फिरणाऱ्या आमच्या भाच्याचं काय?

मी त्याला म्हटलं, क्रेडिट रिपोर्ट मागवून बघ. असे रिपोर्ट देणाऱ्या चार कंपन्या आहेत आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमाने प्रत्येकीने वर्षातून एकदा तो फुकट द्यायचा असतो. तुझ्या नावावर तू न काढलेलं कर्ज असलं तर त्यात दिसेल. भाचा म्हणाला, ‘मामा, मी काढलेलंच मला बघवत नाही.’

लोकलमध्ये तर व्रत पाळणाऱ्याने कान बंद करून बसावं. कर्जत फास्टला एक गृहस्थ घरी ओटीपी सांगत होते. रेंज नव्हती, त्यामुळे आवाज होता. ‘सात. हो, सात. मग शून्य. शून्य गं! भोपळा! मग चार...’ सहाही आकडे दोनदा झाले, पडताळा झाला. मग त्यांनी चष्मा वर करून मेसेजचा उरलेला भागही वाचला : ‘आणि ऐक, खाली लिहिलंय, हा नंबर कुणालाही सांगू नका. कळलं ना?’ डब्यातल्या सगळ्यांनी मान डोलावली.

यावर हसायचा अधिकार मला नाही. माझ्या फोनमध्ये बरीच वर्षं ‘एटीएम काका’ नावाचे एक नातेवाईक होते. त्यांच्या मोबाइल नंबराचे शेवटचे चार आकडे म्हणजे माझा पिन. ही युक्ती माझी एकट्याची, अशी माझी समजूत होती. मग एका लग्नात जेवणाच्या पंगतीत विषय निघाला आणि कळलं, की पंगतीतल्या सात जणांच्या घराण्यात हे काका आहेत. एकाकडे तर ‘पिन मावशी’.

सोसायटीत रीडेव्हलपमेंटचं वारं आहे. सेक्रेटरींनी सभेत जाहीर केलं, प्रत्येकाने आधार, पॅन, लाइट बिल यांच्या तीन-तीन प्रती ऑफिसात आणून द्याव्यात. मी उभा राहिलो आणि व्रताप्रमाणे विचारलं, ‘कशाला?’

शांतता. पंखा ऐकू येऊ लागला. सेक्रेटरी खजिनदाराकडे बघू लागले, खजिनदार माझ्याकडे. मग मागच्या खुर्चीवरच्या एका ज्येष्ठांनी फार आपुलकीने विचारलं, ‘काही अडचण आहे का तुमची? म्हणजे कागदपत्रांत काही... कोर्ट-केस वगैरे?’ बिल्डरचा माणूसही तिथे होता. दोनशे लोकांची कुंडली पिशवीत घालून नेणाऱ्या त्या माणसाचं नावही कुणी विचारलं नव्हतं. संशय आला तो माझा. घरी येताना जिन्यात बायको म्हणाली, ‘तुम्हाला काय करायच्यात नसत्या चौकश्या? आता लोक म्हणतील, यांचा फ्लॅट गहाण आहे.’

तरी मी हटलो नाही. रात्री आधारच्या साइटवरून मास्क्ड प्रत उतरवली. त्या फाइलीला कुलूप असतं. किल्ली म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. नाव माझ्या दारावर आहे, हे वर आलंच आहे. सालासाठी चौकात जावं. मागच्या वर्षी मित्रमंडळाने माझा फ्लेक्स लावला होता, ‘पन्नासाव्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’. वजाबाकी येत असली की झालं. असो. प्रत काढली, पहिले आठ आकडे झाकलेले, शेवटचे चार उघडे, वर माझ्या हाताने आडवं ‘फक्त रीडेव्हलपमेंटसाठी’ आणि तारीख. इतकी देखणी झेरॉक्स मी आयुष्यात दिली नव्हती.

दोन दिवसांनी सेक्रेटरी लिफ्टमध्ये भेटले. ‘अहो, तुमच्या आधारचे आठ आकडे उमटलेच नव्हते. टोनर गेला असेल त्याचा. पण काळजी करू नका, पार्किंगच्या जुन्या फाइलीत होते तुमचे, मी पेनाने भरून टाकले.’ वर खांद्यावर थोपटून म्हणाले, ‘आणि फोटोवर कायसं गिचमिड झालं होतं, ते व्हाइटनर लावून साफ केलं.’

मी त्यांचे आभार मानले. दुसरं काय करणार?

दिवाळीनंतर महाबळेश्वरला गेलो तेव्हा वाटलं, इथे तरी कुणी पेन घेऊन बसलेलं नसेल. पेन नव्हतं. काउंटरवरच्या मुलाने आमची कार्डं टेबलावर मांडली आणि स्वतःच्या मोबाइलने खटाखट फोटो काढले. नीट आलेत का ते दाखवायला त्याने स्क्रीन माझ्यापुढे धरली. त्याच्या गॅलरीत पहिल्यांदा त्याची म्हैस होती, मग बायको, मग मी. म्हैस जास्त स्पष्ट आली होती.

मग मी संचार साथीच्या साइटवर गेलो. आपल्या नावावर किती मोबाइल चालू आहेत ते तिथे दिसतं. एका माणसाला नऊ सिम घेता येतात, आणि हे नंबर आपणच घेतलेत की आपल्या झेरॉक्सने परस्पर घेतले हे बघायला ही सोय फार चांगली आहे, हे मी उपहासाने म्हणत नाही. माझ्या नावावर चार निघाले. दोन माझे, एक मुलीचा. चौथा? नंबर पूर्ण दिसत नाही, बरेचसे आकडे झाकलेले असतात. चौथ्याकडे बघताच माझ्या अंगावर काटा आला. चोर! समोर ‘हा माझा नंबर नाही’ असा पर्याय होता. तो दाबताना जो आनंद झाला त्याला तोड नाही.

महिन्याभरात सासूबाईंचा फोन बंद पडला. दहा वर्षांपूर्वी मीच त्यांना सिम घेऊन दिलं होतं, माझ्या कागदांवर, कारण त्यांची कागदपत्रं ट्रंकेत होती. बंद पडण्याआधी पडताळणीचे मेसेज आले होते म्हणे. पण अनोळखी मेसेजला उत्तर द्यायचं नाही, हे त्यांना बजावून ठेवलं होतं मीच. त्या आता बायकोच्या फोनवर फोन करतात आणि ‘जावईबापूंना म्हणावं, ओळख ठेवा’ एवढंच बोलतात.

बोटांचंही तसंच झालं. २०१८ साली तेलंगणात एकाने नोंदणी खात्याच्या साइटवरचे जमिनीचे दस्त उतरवून घेतले, त्यांवरच्या अंगठ्यांचे रबरी ठसे केले आणि त्या ठशांवर सिम कार्डं चालू केली. ते वाचून मी माझे बायोमेट्रिक लॉक करून टाकले; आधारच्या ॲपमध्ये तशी सोय आहे. पुढे दोन महिन्यांनी केवायसीला एका बँकेत गेलो. मशीन अंगठा घेईना. उजवा, डावा, पुसून, ओला करून. काउंटरवरची मुलगी कळवळून म्हणाली, ‘काका, काम करून करून रेघा झिजल्यात तुमच्या.’ मागच्या रांगेने माझ्याकडे आदराने पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी कष्टकरी समजत होतं. लॉकची आठवण मला तेव्हाच झाली होती, पण तो क्षण मोडवेना. मी तसाच घरी आलो.

मदत क्रमांक मात्र मला पाठ आहेत. आधारची तक्रार असली तर १९४७. सायबर चोराने पैसे नेले तर १९३०, आणि तो लावायचा तो ताबडतोब, पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून दहात जायच्या आत. दुपारी झोपून उठल्यावर नव्हे. क्रमांक ठरवणाऱ्याला इतिहासाची जाण असावी. आधी मिठाचा सत्याग्रह, मग स्वातंत्र्य.

हे सगळं लिहायचं म्हणून मी गेले काही दिवस सुचेल तसे मुद्दे टिपत होतो. हाताशी जो कागद येईल त्यावर. दोऱ्याचं पेन, एटीएम काका, म्हैस, व्हाइटनर. आज लिहायला बसलो आणि टाचणी लावायला कागद उलटला तर मागे आधार कार्ड. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंचं. दोन वर्षांपूर्वी गेट पाससाठी सोसायटीने मागितलं तेव्हा त्यांनी दोन प्रती दिल्या होत्या, एक वॉचमनकडे गेली, एक ‘आपल्याकडे राहू दे’ म्हणून मी ठेवून घेतली होती. कशाला, हे त्यांनी विचारलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्याच्या बरोबर पाठीमागे माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं, ‘पाठकोरा — झेरॉक्सवाला — यावर झोडपणे’.

त्या भांडी घासत होत्या. मी कागद घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो.

‘ताई, ही तुमची प्रत. माझ्याकडून त्यावर जरा... परत घेऊन जा. फाडून टाका.’

त्यांनी हात पुसले, कागद उलटसुलट करून पाहिला, आणि ओट्यावर ठेवलेल्या पर्समधून एक कोरी करकरीत झेरॉक्स काढून माझ्या हातावर ठेवली.

‘खराब झाली व्हय ती? ही घ्या दादा. दहा-बारा काढूनच ठेवते मी. कोणबी मागतंय.’